तिरपा उजेड

उकंडाच्या सलूनातला आरसा मागून आणला,
एका कोपऱ्यातला पारा उडालेला.
फटफटीला सुतळीनं आवळला
आणि खैरपाटीच्या पुढं, जिनिंगच्या पडक्या भिंतीमागं
गोऱ्याइच्या मसनवटीत शिरलो, सकाळी सातला.

नागपूरच्या एका साहेबांनी यादी दिलेली.
दगडामागं तीस रुपये,
अक्षर वाचता आलं पाहिजे, ही अट.
माझा धंदा पासपोर्ट फोटोंचा :
हनुवटी जरा वर, कान दिसू द्या.
इथं कुणाला सांगणार?

समोरून ऊन पडलं तर दगड म्हणजे नुसता दगड,
शेवाळ, पाखरांची शिट, एक भेग.
पण आरसा बाजूला धरून
त्याच्या अंगावरून ऊन निसटतं सोडलं
की खाचांत सावली भरते
आणि कुणीतरी आतून लिहीत असल्यासारखं
नाव वर येतं.

आरसा धरायला पंचफुलाबाई.
तिच्या बकऱ्या इथंच चरतात.
गवत कापायचा ठेका तिच्या सासऱ्यापासूनचा,
ठेका देणारं हापिस केव्हाच उठून गेलं.
“काहाले काढून राह्यला रे फोटू?
मेलेल्याईले का समजते?”
म्हणाली; पण आरसा तसूभर हलू दिला नाही.

एक कप्तान. ताप.
एक पूल बांधणारा, पुलाच्या आधी संपलेला.
त्याची बायको, अकरा दिवसांनी.
एका दगडावर फक्त ‘यांची लाडकी’,
वरचा तुकडाच गायब.
“तो आमच्या न्हानीत हाय,” पंचफुलाबाई म्हणाली,
“धुनं धुवाले. आता गुळगुळीत झाला.
साबन लावता लावता एखांद्या वक्ती
बोटाले कायतरी आकडी लागते.”
तिच्या न्हाणीतला दगड मी यादीत धरला नाही.

मग तो लहान दगड, गुडघ्याएवढा,
रायमुनियाच्या जाळीत तोंड खुपसून बसलेला.
काटे बाजूला केले, पाणी मारलं.
वाचून दाखवलं तिला, जसं येत होतं तसं मराठीत :
मुलगा. चार महिने नऊ दिवस.

आरसा पहिल्यांदा हलला.
उजेडाचा चौकोन लिंबावर चढला,
एका बकरीच्या पोटावरून घसरला,
भिंतीवर जाऊन थरथरत थांबला.
“दिवस बी लेहेतेत?”
“हो.”
“नऊ?”
“नऊ.”

मग काही न बोलता ती चालू लागली,
आरसा काखेत, त्यात आभाळ उलटंपालटं.
कोपऱ्यात, सीताफळीच्या दोन झुडपांमधे थांबली.
“सासरा म्हने, इथीसा ठेवू.
वावरात ठेवलं तं उद्या कोनी नांगर घालंन,
इथी कोनी घालत नाही.
बारसं रायलं होतं.
ह्याचा काढ.”

मी कॅमेरा लावला.
पाला, मुंग्यांची रांग, एक फुटकं बोळकं.
भिंग पुढं गेलं, मागं आलं, परत पुढं,
कशावर थांबावं ते त्याला कळेना.
यंत्राला धरायला काहीतरी कड लागते.
मी म्हणालो, “बाई, इथं तर...”
आणि पुढचं गिळलं.

कारण ती उकिडवी बसली होती,
आणि सकाळपासून पाहून पाहून शिकली तसा
आरसा जमिनीलगत तिरपा धरला होता.
ऊन पाल्यावरून सरपटत आलं,
आणि दिसला :
सुपाएवढा एक खोलगट,
अलीकडं सावली, पलीकडं उजेड,
कड अगदी हलकी,
पिठात पालथा हात टेकून उचलावा तशी.
भिंग थांबलं.

पडद्यावर दाखवला. तिनं पदरानं हात पुसले,
बघितलं. बराच वेळ.
“हं. बराबर हाय.”
आणि उठून ओरडली बकरीवर,
जी कप्तानाच्या उशाशी उभी राहून
कुणीतरी वाहिलेला झेंडू खात होती.
वाहिला कुणी, ते विचारायचं राहिलं.

बिलात सदतीस दगड लावले.
आरसा उकंडाला परत केला,
त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं धूळ झटकली,
खुर्चीत बसलेल्या पोराची मान खाली दाबली
आणि म्हणाला, “वाकडा लागला राजा आता हा,
थांब, सरळ करतो.”